माझं त्यात काही नाही

‘या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?’

पडद्यावर हा प्रश्न आला आणि घर जागं झालं. तोवर रविवारची सकाळ ऐसपैस लोळत पडली होती. थोरली सून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती. चार्जरची वायर पॅसेजमधून ताणून आणलेली. जो तो ती ओलांडत होता आणि ओलांडताना एक सुस्कारा टाकत होता.

धाकटा दीर वायरीवरच थबकला. एक पाय अलीकडे, एक पलीकडे.

“वहिनी, थांबा! ते बटण दाबू नका.”

“का बरं, भावोजी?”

“नाही, म्हणजे... कुणाचं काही असलं त्यात, तर जाईल ना.”

“कुणाचं?”

“कुणाचंही. मी आपलं सर्वसाधारण बोलतोय.”

लॅपटॉपला व्हायरस लागून आठवडा झाला होता. काहीही उघडायला जावं, तर टकलावर केस उगवून देणाऱ्या जाहिराती उघडायच्या. पंखा असा घरघरायचा की शेजारीण येऊन विचारून गेली, नवा मिक्सर घेतलात का. घरात चौकशी बसली, ती निकाल आधी लावून: ‘तुझा लॅपटॉप, तूच काहीतरी भलतंच दाबलं असशील.’ एरवी तो ‘आपला’ असायचा. सुनेने एकेकाला विचारलं होतं, तुम्ही यात काही टाकलंय का? एकेकाने हात झटकले होते. माझं त्यात काही नाही.

“तुम्ही तर आईशपथ म्हणाला होतात,” ती म्हणाली.

मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. “माझी शपथ घेतलीस? तरीच मेल्या, दोन दिवस गुडघा ठणकतोय माझा.”

“एक गेम आहे,” दीर पुटपुटला. “शेवटच्या लेव्हलला आलोय. शेवटच्या, वहिनी!”

“विकत घेतलेला?”

“मित्राने दिलेला. म्हणजे मित्राने लिंक दिलेली.”

त्या लिंकवरून आणखी कोण कोण घरात शिरलं असेल, ते सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. नवऱ्याने पेपर खाली केला.

“बघ! तरी मी म्हणत होतो.”

“तुम्ही म्हणत होतात ते वेगळं होतं.”

“ते जाऊ दे. पण घाई नको करू.” त्याने घसा खाकरला. “‘इतर’ नावाचं एक फोल्डर असेल बघ. तेवढं काढून ठेव.”

“काय आहे त्यात?”

“इतर.”

“दादाची गाणी आहेत,” दीर म्हणाला. आपण बुडतोच आहोत तर सोबत असावी, एवढाच त्याचा हेतू. “रेकॉर्ड केलेली. मागे वाजवायचं म्युझिक कुठल्या साइटवरून उतरवलं, ते विचारा त्याला.”

तिने विचारलं नाही. “काढून ठेवलं आणि व्हायरस त्या फोल्डरातच दबा धरून बसला असला तर? उद्या सकाळी ऑफिसचा माणूस तिकडून हे मशीन तपासणार आहे. स्वच्छ निघालं तर काम माझं. नाही निघालं तर दुसऱ्या बाईचं.”

काम हॉस्पिटलचं होतं. डॉक्टर बोलून ठेवतात ते रिपोर्ट ऐकून घरबसल्या टाइप करायचे. त्याच्या परीक्षा तिने याच टेबलावर दिल्या होत्या, ताटं उचलून झाल्यावर. टेबल पुसलेलं असायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“कामं काय, छप्पन मिळतील,” नवरा म्हणाला. “माझी गाणी परत मिळणार आहेत का?”

“गाणी तुम्ही परत म्हणू शकता.”

दीर फिस्सकन हसला. मग त्याला आपला गेम आठवला.

नवऱ्याने हुकमाचं पान काढलं. “आई, तू तरी सांग तिला. तुझी मालिकापण त्यातच आहे. यानेच भरून दिली होती ना? एकूण एक भाग जाणार तुझे.”

सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी एका मुलाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपवर बोट रोखून बसलेल्या सुनेकडे पाहिलं.

“त्यातल्या सुनेचं काय होतं ते ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “शेवटपर्यंत रडत भांडी घासते. दाब गं.”

तिने दाबलं.

पडद्यावर एक पांढरी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. दोघे भाऊ तिच्याकडे बघत राहिले, स्टेशनवरून गाडी सुटल्यावर बघतात तसे. मध्येच पंखा थांबला. आठवडाभरात पहिल्यांदाच मटार भांड्यात पडल्याचा आवाज ऐकू आला.

बऱ्याच वेळाने कोऱ्या पडद्यावर नवा प्रश्न उमटला: ‘हा संगणक कोण वापरणार?’

“वहिनी, मला आपलं एक छोटंसं वेगळं खातं—”

तिने स्वतःचं नाव लिहिलं. नुसतं नाव. आडनाव माहेरचं की सासरचं, हा वाद कुणाला सुचायच्या आत ती पुढच्या चौकटीवर गेली. तिथे पासवर्ड मागितला होता. तिने तो दोनदा, न बघता, टकटक टाइप केला.

“काय ठेवलास?” नवरा खुर्चीमागून वाकून म्हणाला. “घरात एकाला तरी माहीत हवा.”

“कशाला?” ती म्हणाली. “तुमचं त्यात काही नाही ना?”