बाहेरची कडी

मुसलमानांच्या गल्लीला लोखंडी फाटक बसलं. पण ते बसलंच नाही असं धरून चालू. नगरपालिकेचं तसं म्हणणं आहे, आणि तिच्या म्हणण्याला फाटकापेक्षा जास्त वजन असतं.

तर, फाटक न बसण्याच्या आदल्या दिवशी शांतता समितीचे अध्यक्ष, म्हणजे कोपऱ्यावरचे चष्मेवाले, कुलूपवाल्या चाचांच्या दुकानात आले. शहरात कुलपं करणारे चाचा एकटेच. दंगलीची अफवा उठल्यापासून सगळं शहर मुसलमानांच्या भीतीने चाचांकडून दणकट कुलपं नेत होतं आणि वर "जपून राहा, चाचा," असंही बजावत होतं. धंदा कधी नव्हे इतका तेजीत होता. चाचींना मात्र झोप लागत नव्हती.

"तुमच्या गल्लीच्या फाटकाला मोठं कुलूप पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्याच रक्षणासाठी."

"मग कडी आतून ठेवतो."

"बाहेरून."

चाचांनी कानस खाली ठेवली. गल्लीचं दुसरं टोक जुन्या तटाला जाऊन थडकतं. तिकडून मांजरही बाहेर पडत नाही.

"रक्षण आमचं आणि कडी बाहेरून?"

"आतून लावलीत तर तुम्ही सुखरूप आहात हे आम्हाला कळणार कसं? आणि तुमच्यावर कोणाचा संशय आहे, चाचा? तुम्ही आपले."

"मग मी बाहेर झोपू का?"

अध्यक्ष हसले. जरा जास्तच वेळ हसले.

'नाही' म्हटलं असतं तर ते 'नाही'च चाचांविरुद्ध पुरावा ठरलं असतं. चाचांनी कुलूप केलं आणि दुसऱ्या दिवशी फाटकाला बसवलं. बसवल्यावर कारागिराने आत उभं राहून जोर लावून पाहायचं, ही त्यांच्या धंद्याची रीत. चाचा आत गेले. अध्यक्षांनी बाहेरून किल्ली फिरवली. चाचांनी अंगातला सगळा जोर लावला. फाटक तसूभरही हललं नाही.

"काम चोख आहे," म्हणत अध्यक्षांनी दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्या आणि ते चालू लागले.

"अहो, उघडा की."

"रीतसर अर्ज करा. कचेरीत आणून द्या."

आतून, घराच्या पायरीवरून चाची म्हणाल्या, "जन्मात एक तरी काम कच्चं करायला काय झालं होतं तुम्हाला?"

चाचांनी तिथेच बसून अर्ज लिहिला आणि गजांतून बाहेर सरकवला:

"विषय: अस्तित्वात नसलेल्या फाटकाची एक किल्ली आतील रहिवाशांस मिळणेबाबत. महोदय, बाहेरच्या बाजूने रॉकेलचा वास येत आहे. तरी सदर अर्जाचा विचार आज अंधार पडण्यापूर्वी व्हावा, ही नम्र विनंती."