नऊ नंबरचं ताट

नऊ नंबरचं दुपारचं ताट आजही चाटूनपुसून साफ आलं. शिकाऊ आहारतज्ज्ञ मुलीनं ते काट्यावर ठेवलं, वहीत 'उरलेलं: शून्य' लिहिलं. सकाळीच नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजींचं वजन आणखी अर्धा किलो उतरलं होतं.

"खातात, मग जातं कुठे?" विभागाच्या प्रमुख मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दुखणं बरं होण्यातलं आहे. त्यांच्या अंगात ताकद भर. महिनाअखेर एक तरी पेशंट सावरून दाखव, नाहीतर इथल्या नोकरीचं विसर."

नोकरीचं सोडा हो. मुलीला वेगळंच छळत होतं. चार वर्षांपूर्वी असल्याच एका वॉर्डात तिचे बाबा गेले. भरलेली ताटं तशीच परत जायची, कुणी झाकण उघडून बघत नसे. म्हणून तर ती या शिक्षणाकडे वळली. पण जेवणाची गाडी खडखडली की अजून बाबा दिसत, भिंतीकडे तोंड करून पडलेले, आणि तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

पहिल्या दिवशी ती आजींना काय खाता, काय नाही ते विचारायला गेली. म्हातारी वस्ताद. तिनंच उलट मुलीकडून बाबांचं, न उतरणाऱ्या घासाचं, सगळं काढून घेतलं.

तरी बरं, शिकाऊंना कॅन्टीनचं जेवण फुकट होतं. वॉर्डातल्या मावशी दोन वाजता ताटली घेऊन येत आणि समोर ठाण मांडत. "संपवा, मग उठते." कॅन्टीनला मिठाचं वावडं असावं. पण मावशींपुढे कुणाचं काय चालणार? मुलगी निमूट खाई.

तिनं आजींना अंडं वाढवलं, दही दुप्पट केलं. ताट साफ, वजन खाली. तपासण्यांत काही निघेना.

मग तिच्या लक्षात आलं. आजींचा मुलगा रोज नेमका जेवणाच्या वेळी खाटेशी असायचा; ताट तोच संपवत असणार.

"दुपारी येत जाऊ नका," तिनं त्याला सुनावलं.

"मी नुसता बसतो हो, ताई."

"संध्याकाळी बसा."

तो मान खाली घालून गेला. आजी मुलीच्या गालावरून हात फिरवून एवढंच म्हणाल्या, "जरा बरी दिसायला लागलीस गं."

मुलगा यायचा थांबला. ताट साफच येत राहिलं. वजन उतरतच गेलं.

गुरुवारी सकाळी आजी गेल्या.

मुलगी विभागाच्या खोलीचं दार लावून रडली. दोन वाजून गेल्यावर मावशी आल्या, रिकाम्या हातानं, आणि नेहमीच्या जागी बसल्या.

"आज कॅन्टीन बंद आहे का?" काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं.

मावशींनी पदरानं डोळे पुसले.

"शिकाऊंना इथे कधीच जेवण नव्हतं, ताई. आजी मला शपथ घालून आपलं ताट तुमच्या ताटलीत ओतायला लावायच्या."