वाफ्यातली माती

“कुणाला सांगून पटायचं नाही, पण आपल्या मळ्यात गांडुळं इतकी माजलीत की कुदळ मारण्याआधी दार वाजवावं लागतं!”

“पुरे तुमच्या थापा,” बायको अंथरुणातून हसली.

तिचं मळ्यात जाणं बंद झाल्यापासून मी रोज पालकाच्या वाफ्यातली मूठभर माती घरी आणायचो. ती चोळायची, हुंगायची अन् सांगायची, शेणखत घाला, आज पाणी कमी द्या.

आजची माती तिने दोनदा हुंगली.

“काल मुळा उपटताना तर मीच आत ओढला गेलो,” मी घाईघाईने म्हणालो.

ती हसली नाही. माती माझ्या तळहातावर ठेवून तिने माझी मूठ मिटवली.

“अहो, ही दुकानातल्या पिशवीतली आहे. माझ्या औषधपाण्यासाठी मळा विकलात ना?”