लाकडात मुरलेलं

विज्ञान प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला! घरी येताच आईला समोर बसवून मी सगळं भाषण ठणकावून म्हटलं. “ढेकणांचं औषध चुन्याच्या भिंतीवर लवकर विरतं. लाकडात मात्र मुरून महिनोन्‌महिने राहतं!”

“पाळण्याच्या लाकडातही?” आईने हळूच विचारलं.

“मग काय!” मी टेचात म्हणाले आणि जीभ चावली.

दोन वर्षांपूर्वी घरभर, पाळण्यावरही औषध मारलं होतं. आईने भिंती तीनदा पुसल्या, पाळण्यावरचं औषध वाळून उडालं असं समजली, मगच माझ्या तान्ह्या भावाला त्यात निजवलं. तो विषबाधेने गेला. विष आलं कुठून, कुणालाच कळलं नव्हतं.

“आई, चुकलंही असेल गं माझं.”

तिने माझं पदक पदराने पुसलं. “चुकलं असतं, तर पहिला नंबर दिला असता का बाळा?”