गुडघ्यांची खोड

कुमुदताईंचे कृत्रिम गुडघे बनवणारी कंपनी बुडाली, गुडघे बंद पडले आणि त्या घरात अडकल्या. शेवटी त्यांच्या लेकीनं, आश्लेषानं, त्या गुडघ्यांत ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम घातली. गुडघे चालू लागले, पण जिना चढताना दर मजल्यावर थांबायला लागले.

"मेले पुन्हा अडले!" भाजीची पिशवी सावरत कुमुदताई वैतागल्या. "वर हे औषधासाठी खोळंबलेत. मोड बाई या गुडघ्यांची ही खोड."

आश्लेषा पायरीवरच लॅपटॉप उघडून बसली. "मोडते की. कंपनीचं सगळं कुलुपात असायचं. हे लोकांनी मिळून लिहिलंय, कुणीही वाचावं, बदलावं." वाचता वाचता ती घुटमळली. "आई, हे कुणीतरी मुद्दाम घातलंय. पेरू देशातला मुलगा आहे. लिहिलंय, माझी आई दमली तरी सांगत नाही, म्हणून गुडघ्यांनीच थांबावं."

कंपनीचे गुडघे कधी थांबत नसत. तिसऱ्या मजल्यापर्यंत ते रेटत न्यायचे आणि मग कुमुदताई दाराला टेकून धापा टाकायच्या.

"काढू ना?" आश्लेषानं डोळे चोळत विचारलं.

कुमुदताई तिच्याशेजारी टेकल्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तूही मिटव तो लॅपटॉप. बस जरा."