पलीकडची कडी

"हे दार उघडा," पालिकेचे साहेब म्हणाले.

अंजनीने नवऱ्याकडे बघितलं. महेश कपाटाकडे बघत होता. दार त्या कपाटाच्या मागे होतं. पलीकडे धाकट्या भावाचं अर्धं घर.

"पुढून पण जाता येतं, साहेब," महेश म्हणाला.

"पुढून तर भाडेकरूकडे पण जाता येतं. हरकतीत काय लिहिलंय तुम्ही? एकच घर, एकच फॅमिली. मग आतून दाखवा ना. नाहीतर भाड्याचा रेट कायम. घरपट्टी तिप्पट भरा. भाऊ कुठेय तुमचा?"

"आनंदनगरला, कंपनीत. फर्स्ट शिफ्ट."

महेशने कपाट खेचलं. लादी करकरली. मागे जाळी, धूळ आणि पोरीचं कधीचं हरवलेलं बॅडमिंटनचं फूल.

"तूच बोललीस ना सर्व्हेवाल्या पोरांना," तो दातओठ खात पुटपुटला, "तिकडे भाडेकरू राहतात म्हणून."

"तिकडच्यांशी भांडण झालेलं त्या दिवशी. रागात बोलले."

"त्यांनी रागासकट लिहून घेतलं."

अंजनीने आपल्या बाजूची कडी काढली. दार ढकललं. हललं पण नाही. कडी पलीकडून पण होती.

"तेजस्वी!" धाकट्या जावेचं नाव कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडात आलं.

पलीकडे मिक्सर चालू होता. तो थांबला.

"कोण?"

कोण म्हणजे काय? आवाज ओळखत नाही का ही? अंजनीचं डोकं फिरलं. पण साहेबांच्या हातात पेन होतं.

"मी गं. अंजूताई."

"कोण पाहिजे तुम्हाला? इथे भाडेकरू राहतात."

महेशने डोळे मिटले.

"झालं तर मग," म्हणत साहेबांनी कागद पॅडवर सरळ केला.

"थांबा!" अंजनी दाराला चिकटली. "तेजू, ते मी बोललेले. साहेब इथेच उभे आहेत, त्यांच्यासमोर सांगते. खोटं बोललेले मी. घर तुझं पण आहे."

साहेबांनी मोबाइलमध्ये टाइम बघितला.

मग कडी वाजली. गंजलेली. परत वाजली. दार बोटभर सरकलं आणि अडकलं. फटीतून वाटणाचा वास आला, आणि तेजस्वीचा चिडलेला आवाज.

"आता ढकला की, ताई! मी एकटीच खेचू काय?"