जोडपट्टा

"हा दुसरा पट्टा तुम्ही बांधा," फिजिओथेरपिस्ट सबनीसबाई म्हणाल्या. "वर्षभर दुखणं सोसलं की ते नेमकं कुठून येतं, हे पेशंटला सांगता येत नाही. तिचं दुखणं तुमच्या मानेत उतरेल. मी दाबत जाईन, कुठे उतार पडतो ते तुम्ही सांगायचं."

व्हायोलिन शिकवणाऱ्या विद्याधर बखल्यांनी हसतच पट्टा गळ्याभोवती बांधला. शेजारच्या पलंगावर त्यांची लेक ऋजुता पहिला पट्टा बांधून पालथी झोपली होती. तिची डोकेदुखी म्हणजे रियाज टाळायचा बहाणा, असं ते शिष्यांसमोरही म्हणायचे.

पट्टा सुरू झाला आणि मानेच्या डावीकडून, जिथे व्हायोलिन टेकतं तिथून, एक कळ थेट डोळ्यामागे चढली. त्यांना मळमळू लागलं. त्यांनी खुर्ची गच्च धरली.

"आज फार दुखतंय का गं?"

"नाही बाबा, आज बरंच कमी आहे."

त्यांचं कण्हणं ऐकून ती पुढे म्हणाली, "मॅडम, बाबांचा पट्टा काढा ना. त्यांना सवय नाही."

विद्याधरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कालच ती रडत असताना त्यांनी तिच्याकडून अख्खा राग वाजवून घेतला होता.

"राहू दे पट्टा," ते कसेबसे म्हणाले.

बाईंची बोटं ऋजुताच्या कवटीखाली एका जागी रुतली, तशी कळ ओसरू लागली.

"इथेच," विद्याधर म्हणाले.

थोड्या वेळाने ऋजुता उठून बसली. "बरं वाटतंय बाबा. संध्याकाळी बसते मी रियाजाला," ती घाईघाईने म्हणाली.

विद्याधरांना मान वर करून तिच्याकडे बघता आलं नाही.